वकिलाच्या वेबसाइटवरची चिंबोरी

आता जे सांगतो ते तुम्हाला खरं वाटायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मुरुडात कोणालाच वाटत नाही. जेट्टीवर सांगायला बसलो की लोकांना एकदम होडीची आठवण होते. पण पनवेलच्या एका बड्या वकील-कंपनीच्या वेबसाइटची परीक्षा झाली ती ह्याच ओटीवर, तुम्ही बसलात त्याच बाकड्यावर. त्यात आमच्या आळीतली शहाणीसुरती माणसं नापास झाली आणि पास झाली ती एकटी चिंबोरी. चिंबोरी म्हणजे खेकडा. तुम्ही पुण्याकडचे दिसता म्हणून सांगतो.

बसा, बसा. जेवायला अवकाश आहे. भात अजून रटरटतोय. तुळसा, म्हणजे माझी बायको, मागच्या दारी वाळत घातलेल्या सोड्यांवरचे कावळे हाकलते आहे. ती येईपर्यंत मला गोष्ट संपवायची आहे. तिचा स्वभाव चांगला आहे, हाताला चव आहे, ती तुम्हाला कळेलच. पण गोष्ट ऐकायची कशी ते तिला कळत नाही. मध्येच बोलते.

तर माझी नात प्रज्ञा, माझ्या रत्नपालची मुलगी. बेलापूरला एका कंपनीत आहे. काम काय, तर वेबसाइट तपासायचं. मीही आधी म्हटलं, वेबसाइट काय वांगं आहे का, दाबून बघायला? पण तसंच असतं ते. एक माणूस वेबसाइट बनवतो, आणि ही बघते की तुमच्या-माझ्यासारख्या साध्या माणसाला ती वापरता येते का. दार कुठे आहे ते कळतं का, हवी ती गोष्ट हाताला लागते का. मी न्हावा शेव्याच्या बंदरात जन्मभर क्रेन चालवली. तिथे डब्यांचे डोंगर असतात, तरी ज्याचा डबा त्याला मिळतो. एकदा हवा इतकी स्वच्छ होती की क्रेनच्या टोकावरून मला मुरुडचा आमचा माड दिसला, त्यावर रत्नपाल चढलेला दिसला, आणि मी तिथून ओरडल्यावर तो उतरलासुद्धा. पण ते राहू दे. ती वेगळी गोष्ट.

प्रज्ञा घरी आली ती शनिवारच्या एसटीने, आणि चेहरा उतरलेला. नोकरी अजून कच्ची होती तिची. त्या वकिलांची वेबसाइट बनवली होती तिच्या वरच्या साहेबाने, हर्षद नाव त्याचं. हिने त्याला सांगितलं, "सर, मोबाईलवर लोकांना फोन नंबर सापडणार नाही." तो म्हणाला, "सापडतो. तुला सापडत नसेल तर तो तुझा प्रॉब्लेम." मग कंपनीच्या मालकीणबाईंनी मधला मार्ग काढला. म्हणाल्या, खऱ्या माणसांच्या हातात मोबाईल दे, ती काय करतात त्याचं रेकॉर्डिंग आण. सोमवारी वकील यायचेत, त्यांच्यासमोर दाखव.

"आणि नाही दाखवता आलं तर?" मी विचारलं.

"तर मला फोन घ्यायच्या टेबलावर बसवतील, आबा. 'नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?' दिवसभर तेच. तिथून उठून परत ह्या कामाला आलेलं मी कोणी बघितलं नाही."

हे सांगताना ती लसूण सोलत होती. डोळ्यात पाणी नव्हतं, पण एकेक पाकळी अशी सोलत होती की जणू तीच हर्षद.

मी म्हटलं, "त्यात काय? मी बसतो परीक्षेला."

"घरची माणसं चालत नाहीत. घरची माणसं उगाच कौतुक करतात."

"मी? कौतुक? तुझ्या बापाला विचार."

"नाही म्हणजे नाही, आबा. तुम्ही फक्त माणसं गोळा करा. ज्यांनी ती वेबसाइट कधी बघितली नाही अशी. आणि त्यांना सांगा, चुकलात तरी चालेल. चूक झाली तर ती वेबसाइटची, तुमची नाही."

आता मला सांगा, पेपर नापास आणि पोरं पास, अशी परीक्षा तुम्ही कुठे ऐकली आहे का? मला ते काही पटलं नाही. पण नात म्हणाली म्हणून मी रविवारी सकाळी माणसं गोळा केली. तुळसा त्या दिवशी पालीला गेली होती तिच्या बहिणीकडे. हे लक्षात ठेवा. ती घरात नव्हती.

पहिला आला बाळाजी. आमच्या मागेच त्याची नारळ-सुपारीची वाडी आहे. त्याच्या वाडीला लागून त्याच्या चुलत भावाची, गणराजची. दोघांमध्ये बांध नाही, कुंपण नाही, एक जुनं उंबराचं झाड आहे तीच हद्द. हल्ली मुंबईवाले वाड्या विकत घ्यायला येतात, तेव्हापासून दोघेही त्या झाडाकडे जरा जास्तच बघतात.

प्रज्ञाने त्याला बाकड्यावर बसवलं, हातात मोबाईल दिला आणि समजावलं. "काका, ह्यात रेकॉर्डिंग चालू आहे. पडद्यावर काय होतं ते दिसतं आणि आवाज येतो. तुमचा चेहरा येत नाही. जे मनात येईल ते मोठ्याने बोला." मग कागदावरचं वाचून दाखवलं, "समजा, तुमच्या चुलत भावाने तुमच्या वाडीत कुंपण घातलं आहे. तुम्हाला ह्या वकिलांना भेटायचं आहे. काय कराल?"

बाळाजीने मोबाईल बाकड्यावर ठेवला. पायात चप्पल घातली. आणि गेला.

"काका? अहो काका!"

काका उंबराच्या दिशेने दिसेनासे झाले.

मी प्रज्ञाला म्हटलं, "तू समजा म्हणालीस, पण तू आलीस वकिलांकडून. वकिलाच्या माणसांना असल्या गोष्टी आधी कळतात, मालकाला मागून. त्याने ते समजा मनावरच घेतलं नाही."

थोड्या वेळाने बाळाजी परत आला, सोबत गणराज. गणराजच्या खांद्यावर ओलं जाळं. झालं होतं असं की गणराजने दोन माडांच्या मध्ये जाळं वाळत टाकलं होतं. बाळाजीला वाटलं, हेच ते कुंपण. त्याने ते ओढून काढलं.

"तू सांगितलंस म्हणे ह्याला?" गणराज प्रज्ञाला म्हणाला. "माझं जाळं काय, कुंपण काय?"

"काका, मी फक्त समजा म्हटलं होतं."

"समजा कसलं समजा? उद्या मी म्हणेन समजा बाळाजीचं घर माझं आहे. मग?"

"बघ, बघ!" बाळाजी म्हणाला. "मनात आहे त्याच्या. तोंडून निघालं."

"घराला काय करू तुझ्या? गळतं ते!"

"तुझ्याकडच्या बाजूनेच गळतं!"

मी दोघांना चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर गणराज म्हणाला की, एवढा वकील वकील चाललंय तर बघू तरी कसे आहेत, आणि त्याने मोबाईल उचलला. दोघांची डोकी एकमेकांना चिकटली. मीही मागून वाकून बघितलं. उघडल्या उघडल्या एक मोठी काचेची इमारत, मग तराजू, मग काळे कोट घालून हाताची घडी घातलेली माणसं, सगळ्यांचे चेहरे असे की जणू आपणच काहीतरी केलंय. खाली लिहिलेलं, 'विवादांचे बहुआयामी निवारण'. त्याखाली 'आमचा वारसा'. त्याखाली 'आमची मूल्ये'. त्याखाली पुन्हा इमारत, ह्या वेळी संध्याकाळची. वर गेलं तरी हेच, खाली गेलं तरी हेच.

"विवाद नाय रे आपला," बाळाजी म्हणाला, "हद्दीचं आहे. हद्द कुठे लिहिलंय?"

"ह्या माणसाला आपण पकडायचा कुठून?" गणराजने विचारलं.

मला वाटलं, आता प्रज्ञा खूश होईल, कारण दोघांनाही काही सापडलं नव्हतं. पण नेमकं जाळ्याच्या भांडणात मोबाईलचा पडदा विझून रेकॉर्डिंग थांबलं होतं. राहिलं होतं ते एवढंच, की बाळाजीच्या चपला वाजत लांब जातात आणि तिकडून कोणीतरी 'चोर!' म्हणून ओरडतं.

"हे वकिलांना दाखवू?" प्रज्ञा म्हणाली. ती हसली, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

आजोबा म्हणून माझं काळीज हललं. पोरीची परीक्षा, आणि पहिलाच गडी असा पळालेला. मी म्हटलं, पुढच्यांना आपणच जरा सांगून ठेवू. गपचूप मागच्या वाटेने गेलो आणि मनुबाईला आणि दत्तात्रेयला गाठून म्हटलं, "आपल्या पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे. सांभाळून घ्या."

तुम्ही इथले नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे एकदा 'सांभाळून घ्या' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. लग्नात भात कमी पडला तर वऱ्हाडातली आमची माणसं पोट भरलं म्हणून हात धुतात. कोणाच्या पोराने भाषणात घोळ घातला तर पहिली टाळी आमच्याच आळीची.

मनुबाई आली ती हातात टोपली घेऊनच. ती सुकी मासळी विकते आणि तिचा मुलगा खाडीत चिंबोऱ्या धरतो. प्रज्ञा आली म्हणून तिने जिवंत चिंबोऱ्या आणल्या होत्या. टोपली कोपऱ्यात ठेवली, हात पदराला पुसला न पुसल्यासारखा केला आणि मोबाईल घेतला. सकाळपासून ती जवळा पाखडत होती, तो सुका बारीक कोळंबीसारखा असतो ना, तोच. त्याचा चुरा तिच्या बोटांना, बोटांचा मोबाईलला.

"आजी, समजा," प्रज्ञा सावध झाली होती, "ही नुसती गोष्ट आहे हां, खरं काही नाही. तुम्हाला ह्या वकिलांशी बोलायचंय. कसं बोलाल?"

मनुबाईने मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "बेस हाय गो. लय बेस हाय."

"काय बेस आहे?"

"समदंच. बिल्डिंग बघ कशी हाय. माणसं पन चांगल्या घरची दिसतान."

"हो, पण त्यांचा नंबर मिळाला का?"

"गावला म्हन ना."

"कुठे गावला?"

"अगो, येवढं मोठं वकील. त्यांच्यापाशी नंबर नसंल व्हय?"

"पण तुम्हाला दिसला का तो, मनुआजी?"

मनुबाईने माझ्याकडे बघितलं. मी आढ्याकडे बघितलं.

"माजी नजर बारीक झालीया," ती म्हणाली. "वेबसायटीचा काय दोष न्हाय त्यात. लय बेस केलीया. कोनी केली, तू?"

"नाही आजी. सरांनी."

"त्यांना पन सांग, बेस हाय."

हे सगळं रेकॉर्ड झालं, अगदी स्वच्छ. हर्षदला ते सोन्याच्या चौकटीत लावावं असं वाटलं असतं.

मग आला दत्तात्रेय. एसटी स्टँडसमोर त्याची चहाची टपरी आहे, त्यामुळे जगात कोणाचं काय चाललंय ते त्याला ठाऊक. तो बसला, मोबाईलवर अंगठा वर-खाली केला, दोन सुस्कारे टाकले आणि म्हणाला, "एक मिनिट. जरा बाहेर जाऊन येतो." बाहेर जाऊन त्याने स्वतःचा फोन काढला. मला ऐकू येत होतं. "हां, मेव्हणे? तुमच्या त्या कोर्टातल्या कारकुनाला विचारा ना…" थोड्या वेळाने आत आला, ऐटीत बसला आणि म्हणाला, "घे लिहून. वकिलांचा नंबर. ऑफिसचा नाही, घरचा दिला. मध्ये कोणी नको."

"काका, हा तुम्हाला वेबसाइटवर मिळाला?"

"मिळाला ना. मिळाल्याशी मतलब."

"पण वेबसाइटवर?"

"चांगली आहे गं वेबसाइट. सोपी आहे. मला लगेच मिळाला." आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. तो डोळा काही रेकॉर्ड झाला नाही, पण प्रज्ञाने बघितला.

दत्तात्रेय गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. "आबा, तुम्ही सांगितलंत ना सगळ्यांना?"

"मी? काय सांगितलं?"

"आबा."

"सांभाळून घ्या, एवढंच म्हटलं."

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "आबा, मला पास व्हायचं नव्हतं. मला कोणीतरी खरं बोललेलं हवं होतं. जमिनीवरून खरंच अडचणीत आलेला एखादा माणूस त्या वकिलांकडे जाईल, वर-खाली करेल आणि नंबर नाही मिळाला म्हणून मोबाईल ठेवून देईल. त्याला वाटेल, आपणच अडाणी. तेवढंच दाखवायचं होतं मला. आता हे दाखवलं तर काय म्हणतील? लय बेस हाय."

तेवढ्यात हर्षदचा फोन. "झालं का टेस्टिंग? काय म्हणतात तुझे लोक?" ही म्हणाली, "चालू आहे, सर." आणि मोबाईल बाकड्यावर ठेवून, वेबसाइट तशीच उघडी, रेकॉर्डिंग तसंच चालू, तोंड धुवायला विहिरीवर गेली.

आता इथून पुढे नीट ऐका, कारण इथेच लोक उठून जातात.

ओटीवर मी एकटा. उन्हाची तिरीप बाकड्यावर. मनुबाईच्या हातचा जवळ्याचा चुरा मोबाईलच्या पडद्यावर, आणि त्याचा वास. टोपलीत खसखस झाली. झाकण हललं. एक नांगी बाहेर आली, मग डोळे, ते देठावरचे, आणि मग अख्खी चिंबोरी. माझ्या पंजाएवढी. पंजाएवढी कसली, ताटाएवढी. तुमच्या ह्या ताटाएवढी. जमिनीवर उतरली, बाकड्याच्या पायाला चढली आणि वासाच्या मागावर थेट वकिलांच्या वेबसाइटवर जाऊन उभी राहिली.

मी श्वास रोखून बघत होतो. तुम्ही-आम्ही मोबाईल कसा चालवतो? वर आणि खाली. बाळाजी वर-खाली, गणराज वर-खाली, दत्तात्रेय वर-खाली. पण चिंबोरी चालते कशी?

बरोबर. आडवी.

ती आडवी निघाली. आणि तिच्याबरोबर ते काळ्या कोटातले वकील आडवे निघाले! इमारत सरकली, तराजू सरकला, हाताची घडी घातलेले सगळे एकामागून एक डावीकडे गेले, आणि अगदी शेवटी, त्या चित्रांच्या रांगेच्या टोकाला, होता की नंबर! हर्षदने तो तिथे ठेवला होता. चित्रं आडवी सरकवली तरच दिसणार. बाण नाही, खूण नाही, काही नाही. मनुष्यप्राण्याला ते सुचणार कसं?

काय म्हणता ताई? नांगीने मोबाईल चालत नाही? कोरड्या नांगीने नाहीच चालत. ही ताजी होती, खाडीचं पाणी अंगावर होतं. आणि खाऱ्या पाण्यात वीज असते हे तुम्ही शाळेत शिकला असाल. मी शाळेत नाही शिकलो, क्रेनवर शिकलो. पुढे ऐका.

नंबरावर जवळ्याचा एक मोठा कण होता. चिंबोरीने तो टिपला. आणि फोन लागला.

"हॅलो," आतून भारदस्त आवाज. मागून कळलं, ते थोरले वकील स्वतः. रविवार म्हणून ऑफिसचा फोन त्यांनी आपल्याकडे घेतला होता.

चिंबोरी गप्प.

"बोला, बोला. घाबरू नका. वकिलाला सांगितलेलं बाहेर जात नाही."

चिंबोरीने बुडबुडे सोडले.

"रडू नका. शांत व्हा. पाणी प्या हवं तर. जागेचं प्रकरण आहे का?"

चिंबोरीने नांगी आपटली. टक्.

"समजलं. बोलता येत नाहीये तुम्हाला. समोरचा माणूस आत्ता तिथेच उभा आहे का? असेल तर एकदा वाजवा."

टक्.

आता समोरचा माणूस म्हणजे मी. आणि मी एका हातात टोपलीचं झाकण आणि दुसऱ्या हातात चिमटा घेऊन उभा होतो, तेव्हा तिची तक्रार अगदीच खोटी होती असं मला म्हणवत नाही.

"त्याच्यापासून जिवाला धोका आहे का?"

टक् टक् टक्.

इथे मात्र मी विचार केला, आता पोलीस येतील. मी पुढे झालो, चिंबोरीला बाजूला केलं आणि म्हटलं, "साहेब, धोका-बिका काही नाही. पण एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही असे लपून का बसलात? आळीतली माणसं सकाळपासून तुम्हाला शोधतायत. इमारत दिसते, कोट दिसतो, माणूस काही हाताला लागत नाही. ज्याच्यावर वेळ आली त्याने तुम्हाला गाठायचं कसं?"

ते म्हणाले, "कोण बोलतंय?"

तोवर प्रज्ञा ओल्या तोंडाने धावत आली आणि तिने फोन बंद केला. मोबाईल बघितला. रेकॉर्डिंग चालूच होतं. मागे नेऊन तिने ते बघितलं, ऐकलं, पुन्हा ऐकलं. आणि मग तिने मला मिठी मारली. मी म्हटलं, घरची माणसं चालत नाहीत ना? म्हणाली, "हे चालेल, आबा. हे कोणी सांगून केलेलं नाहीये."

पुरावा मागू नका. रेकॉर्डिंगमध्ये पडदाच दिसतो, त्यावर फिरणारं कोणी दिसत नाही. नाहीतर चिंबोरी तुम्हाला दाखवलीच असती.

सोमवारी बेलापूरला सगळे जमले. हे प्रज्ञाने मला सांगितलं, तेव्हा ह्यात माझं काही नाही. तिने आधी बाळाजीचं लावलं, चपला वाजवत निघून जाणाऱ्या. मग मनुबाई. लय बेस हाय ऐकून हर्षद खुर्चीत सरसावून बसला. मग दत्तात्रेय. मग प्रज्ञा उभी राहिली आणि म्हणाली, "ही शेवटची दोन माणसं माझ्यासाठी खोटं बोलली आहेत. वेबसाइटवर नंबर तिघांपैकी कोणालाही मिळालेला नाही. आमच्याकडे लोक असंच करतात. वेबसाइट वाईट आहे म्हणत नाहीत, आपली नजर बारीक झाली म्हणतात." आणि मग तिने शेवटचं लावलं. चित्रं सरकताना दिसली, फोन लागला, आणि थोरल्या वकिलांनी त्या खोलीत स्वतःचा आवाज ऐकला, आणि पाठोपाठ तो प्रश्न, तुम्ही लपून का बसलात.

हर्षद म्हणाला, "सर, हा ॲक्सिडेंट आहे. चुकून लागलाय फोन."

थोरले वकील म्हणाले, "म्हणजे माझ्यापर्यंत यायचं तर चुकूनच यायचं?"

खोलीत कोणी हसलं नाही. मग ते स्वतःच हसले, आणि सगळे हसले, हर्षदसुद्धा, शेवटी.

आता ती वेबसाइट उघडून बघा. नाव मी सांगणार नाही, वकील माणसं आहेत, दावा ठोकतील. पण सगळ्यात वर, तराजूच्याही वर, ठळक अक्षरात फोन नंबर आहे. आणि खाली लिहिलंय, 'जमिनीची हद्द, कुंपण, वाटप – इथे दाबा.' बाळाजीने दाबून बघितलं. फोन लागल्यावर घाबरून ठेवून दिला, पण लागला. प्रज्ञाची नोकरी पक्की झाली. हर्षदच तिला म्हणतो आता, नवीन काही केलं की आधी तुझ्या मुरुडला ने.

आणि चिंबोरी? तिचं काय झालं म्हणता? अहो, ती वकिलाची अशील झाली होती. तिला हात कसा लावणार? मी स्वतः जेट्टीवर गेलो, ह्या दोन हातांनी तिला पाण्यात सोडलं, आणि जाताना ती आडवी होऊन…

"सोडली?"

हा आवाज मागच्या दाराकडून आला. तुळसा सुपात सोडे घेऊन उंबऱ्यात उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे.

"पाण्यात सोडली? दोनदा कालवण मागून घेतलंत तिचं! नांगी चोखताना दात दुखला म्हणून रात्री लवंग धरलीत!"

पाहुण्यांतल्या चष्मेवाल्या ताई म्हणाल्या, "पण आजी, तुम्ही तर त्या दिवशी पालीला होतात ना?"

"पालीला? कवा गेले मी पालीला? बहीण माझी पनवेलला राहाते! मी इथंच होते, ह्याच उंबऱ्यात. अन् चिंबोऱ्या टोपलीतच होत्या. मनुबाई काय मोकळ्या आणते का? नांग्या सुतळीनं बांधलेल्या, वरून पाटा ठेवलेला. मोबाईल जवळ्यानं माखला म्हणून मी पदरानं पुसला. पुसता पुसता ती चित्रं सरकली अन् फोन लागला. वकिलाला विचारलं तेपण मी. सकाळपासून बघत होते, माणसं येतात, हिरमुसून जातात, आणि माझी पोर लसूण सोलत बसते. राग आला, विचारलं, लपून का बसलात म्हणून! अन् हे कुठं होते विचारा. वकिलाचा आवाज ऐकून हे माडीवर पळाले होते! चिंबोरी म्हणे! प्रज्ञाला फोन लावा आत्ताच्या आत्ता. त्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज माझा हाय, चिंबोरीचा न्हाय!"